मोजून चार धागे

शर्टाचं बटण तुटलं की तो शर्ट सौ.च्या पुढ्यात नेऊन ठेवायचा आणि आपण पेपर वाचत बसायचं, एवढाच माझा आणि सुईचा चौऱ्याहत्तर वर्षांचा संबंध. अशा माणसानं २०२४ च्या थंडीत मुलीकडे अमेरिकेत बसून गुडघ्यांवर घ्यायचं एक पांघरूण भरलं. त्याचे फोटो मुलीनं सगळ्या नातेवाइकांना पाठवले आणि मग फोनवर जी काही चेष्टा झाली ती विचारू नका. धाकट्या मेव्हण्यानं तर "भावजी, आता मला एक रुमाल भरून द्या, कोपऱ्यात बदाम काढा" अशी ऑर्डरच दिली. तेव्हा मंडळी, खुलासा करणं भाग आहे. आणि चेष्टा बाजूला ठेवून एक गोष्ट कबूलही करायची आहे. ती जरा पुढे येईल.

मुलगी मिनिआपोलिसला असते, मिनेसोटा राज्यात. तिथली थंडी म्हणजे दार उघडलं की नाकातला श्वास गोठतो. नोव्हेंबरपासून आम्ही दोघं जवळजवळ घरातच कोंडलेलो. जवळच्या वाचनालयात दर गुरुवारी सकाळी काही बायका भरतकामाला जमतात, असं सौ.नं तिथल्या फलकावर पाहिलं. हिला हातकामाची लहानपणापासून आवड, पण इंग्रजी बोलायची भीड. म्हणून "अहो, तुम्ही नुसते शेजारी बसा, काय म्हणतात ते मला सांगा" या अटीवर मी गेलो. दुभाषा म्हणून.

शिकवणाऱ्या बाई त्र्याऐंशी वर्षांच्या. पाठीत थोड्या वाकलेल्या, पण नजर अशी की वर्गात मागच्या बाकावर चाललेलं सगळं दिसावं. मी त्यांना मनातल्या मनात 'बाई'च म्हणू लागलो. त्यांनी हिला कापड दिलं, सुई दिली आणि तेवढंच माझ्यापुढेही ठेवलं. मी म्हटलं, मी फक्त भाषांतरासाठी आलोय. त्या म्हणाल्या, "या टेबलाशी बसायचं तर हात चालले पाहिजेत. तोंडानं भाषांतर करा, हात तर रिकामेच आहेत ना?"

यापुढे काय बोलणार! बसलो.

या भरतकामाला तिकडे 'स्वीडिश विव्हिंग' म्हणतात. मिनेसोटात स्वीडिश वंशाची वस्ती मोठी. साधारण १८५० ते १९३० या काळात बारा-तेरा लाख माणसं स्वीडन सोडून अमेरिकेत आली, त्यांतली पुष्कळशी या भागात शेती करायला उतरली. मिनिआपोलिसमध्ये त्यांची 'अमेरिकन स्वीडिश इन्स्टिट्यूट' नावाची संस्था आहे, १९२९ सालची, एका जुन्या वाड्यात. बाईंची आजीसुद्धा स्वीडनहूनच आलेली. पण 'स्वीडिश विव्हिंग' हे नाव रूढ झालं ते अमेरिकेत. दुसरं नाव 'हक एम्ब्रॉयडरी'. हक किंवा हकाबॅक म्हणजे हात पुसायच्या टॉवेलचं एक कापड. त्याच्या एका बाजूला ठरावीक अंतरावर उभ्या धाग्यांच्या छोट्या जोड्या किंचित वर उचललेल्या असतात. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत अशा टॉवेलांवर भरण्याची फार हौस होती, नमुन्यांच्या पातळ पुस्तिका निघत. बाईंनी त्यांच्या आईचा टॉवेल दाखवला. कापड पिवळं पडलंय, पण निळ्या दोऱ्याची नक्षी जागची हललेली नाही.

आता नावात विव्हिंग आहे म्हणून माग वगैरे शोधाल तर तसं काही नाही. आणि भरतकाम म्हणावं तर सुई कापडाच्या आरपार जातच नाही! ती फक्त वर उचललेल्या धाग्यांच्या खालून सरकत जाते. त्यामुळे कापड उलटं करून पाहिलं तर मागे काही नाही. कोरं. आपल्याकडे भरतकाम पाहायला आलेल्या चोखंदळ बायका आधी रुमाल उलटा करतात आणि मागचा गुंता पाहून नाक मुरडतात. त्यांची इथे चांगलीच फजिती व्हायची.

आमच्यासारख्या नवशिक्यांना हकाबॅकचं बारीक कापड देत नाहीत. 'मंक्स क्लॉथ' म्हणून जाड सुती कापड मिळतं. आपल्या मॅटीचा थोरला भाऊ समजा. चार उभे आणि चार आडवे धागे जुडीनं विणलेले, त्यामुळे चटईसारख्या लहान लहान चौकड्या दिसतात. कापड आणल्या आणल्या आधी कडांना मशीनची नागमोडी टीप मारायची, नाहीतर धुताना ते चारी बाजूंनी उसवत जातं. मग धुवायचं आणि वाळवायचं. धुतल्यावर ते चांगलंच आटतं आणि वीण घट्ट होते. न धुता भरायला बसलात तर पहिल्याच धुण्यात नक्षी चुणून जाते. माझा तर पहिला गुरुवार या कापडाच्या धुण्यातच गेला. मला वाटलं होतं, सुई धरली की शिकायला सुरुवात होते. बाई म्हणाल्या, "कापड तयार करणं हाही धडाच आहे."

दुसऱ्या गुरुवारी मध्य शोधला. कापडाची घडी उभी घालायची, आडवी घालायची, घड्या जिथे छेदतात तिथे सेफ्टी पिन. पहिली ओळ या मधल्या पिनेपासून सुरू होते. दोरा म्हणजे आपण जिला लोकर म्हणतो तीच, ॲक्रिलिकची. एका ओळीला एकच अखंड दोरा, मधे गाठ नाही, जोड नाही. तेव्हा तो किती लांब घ्यायचा, हा हिशोब आधी करावा लागतो. सरळ ओळीला कापडाच्या रुंदीएवढा आणि वर थोडा. डोंगरासारखी चढ-उताराची ओळ असेल तर दीडपट, दुप्पट. वेटोळ्यांची असेल तर तिपटीपर्यंतही जातो. दोऱ्याचा मध्य कापडाच्या मध्यावर ठेवायचा, अर्धा दोरा तसाच लोंबता सोडायचा, उरलेल्या अर्ध्यानं डावीकडच्या कडेपर्यंत जायचं. मग कापड फिरवून वरची बाजू खाली करायची आणि राहिलेल्या अर्ध्यानं पुन्हा उजवीकडून डावीकडे. शेवटी दोऱ्याची टोकं कडेशी परत त्याच वाटेनं थोडी मागे सरकवायची, की अडकली. गाठ मारायची नाही.

सुई बोथट असते, टोचत नाही. चौकट लागत नाही, ठसा लागत नाही. करायचं काय, तर मोजायचं. वर आलेल्या चार उभ्या धाग्यांखालून सुई घाला, एक चौकडी सोडा, पुढच्या चार धाग्यांखालून घाला, मग वरच्या रांगेत चढा. पाच वर्षांच्या पोराला जमावं एवढं सोपं. मला जमेना.

हो, जमेना! कधी चारऐवजी तीनच धागे उचलले जायचे, कधी शेजारचा पाचवा येऊन बसायचा. कधी मोजता मोजता कुणी काही बोललं की आकडा गेला. दोरा ओढला तर इतका घट्ट की कापड चुण्या पडून आक्रसायचं. सैल सोडला तर वेटोळं लोंबायचं. "तो कापडावर झोपला पाहिजे," बाई सांगायच्या, "ओढू नका, झोपवा."

शेजारी सौ. मात्र दहा मिनिटांत सुटली. हिचं माहेर धारवाडकडचं, आई-आजीच्या इरकली लुगड्यांवर कर्नाटकी कशिदा. त्या कशिद्यातही ठसा उमटवत नाहीत, धागे मोजूनच भरतात, आणि गाठ तिथेही वर्ज्य. त्यात गवंती, मुर्गी, मेंथी आणि नेगी असे चार टाके. नेगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा. हिनं पहिली ओळ पुरी केली, कापड डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "अहो, ही तर आमच्या नेगीची मावसबहीण!" मी भाषांतर करून सांगितलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी हिच्याकडून गवंती शिकून घेतली. पुढच्या गुरुवारी त्या दोघींना माझी गरजच उरली नाही. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी कळत नाही, आणि दोघी तासभर बोलताहेत, बोटांनी. दुभाषा बेकार झाला. आता त्याला स्वतःचं कापडच भरत बसणं भाग होतं.

माझी नवव्या ओळीपर्यंत बरी प्रगती झाली. डोंगरांची टोकं एकमेकांना भेटून चौकोन व्हायला हवे होते, ते होईनात. उजवीकडे जुळताहेत, डावीकडे एका घरानं सरकलेले. मी कापड बाईंपुढे धरलं. म्हटलं, कुठे चुकलं? त्यांनी पाहिलं. त्यांना ते एका क्षणात दिसलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण बोट ठेवलं नाही. म्हणाल्या, "मधल्या पिनेपासून पुन्हा मोजा." मोजलं. चूक तिसऱ्या ओळीत होती. एक चौकडी सोडायच्या ऐवजी दोन सोडल्या होत्या. वरच्या साऱ्या ओळी त्या चुकीवर इमानानं उभ्या. सहा ओळी उसवाव्या लागल्या. उसवणं म्हणजे सुईच्या नेढ्याकडच्या टोकानं एकेक चौकडीतून दोरा हलकेच मागे काढायचा. त्यात दोन गुरुवार गेले. बाईंनी त्या दोन्ही गुरुवारी माझ्या कापडाला हात लावला नाही. बरं, त्यांना ते दहा मिनिटांचं काम होतं. मीच एकदा वैतागून म्हटलं, तुम्ही जरा करून द्या ना. त्या म्हणाल्या, "मग ते पांघरूण माझं होईल."

मी चाळीसएक वर्षांपूर्वी बी.ए. होऊन तालुक्याच्या गावी मास्तर झालो ते २००९ ला निवृत्त होईपर्यंत मास्तरच होतो. मराठी आणि इतिहास. लाल शाईनं वह्यांत गोल काढण्यात हयात गेली. मूल कुठे चुकलं हे मी फार पटकन सांगायचो, आणि ते सांगणं म्हणजेच शिकवणं अशी माझी पक्की समजूत होती.

या बाईंची रीत कुठून आली म्हणून मी जरा वाचलं. मुलीनं वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. स्वीडनमध्ये गोथेनबर्गजवळ नेस नावाची एक जागा आहे. तिथे १८७० च्या दशकात ऑटो सालोमोन नावाच्या गृहस्थांनी शिक्षकांना हातकाम शिकवायची शाळा चालवली. हातकामाला तिकडचा शब्द 'स्लोइड'. शेजारच्या फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांनी त्याआधीच प्राथमिक शाळेत हातकाम आणलं होतं, सालोमोन त्यांच्याकडून बरंच शिकले. नेसला पुढे देशोदेशींचे शिक्षक यायचे. सालोमोन यांचे नियम साधे होते. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. वस्तू खेळण्यातली नको, घरात वापरायची हवी. ती मुलानं स्वतः पुरी करायची. आणि शिक्षकानं मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. हेतू सुतार तयार करायचा नव्हता. नीटनेटकेपणा, लक्ष, कष्टाविषयी आदर हे हातांतून अंगात यावं, हा होता.

स्वीडनमध्ये १९५५ पासून हा विषय शाळेत सक्तीचा आहे. आजही तिथलं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, लाकूड, धातू आणि कापड या सगळ्यांवर काम करतं. नऊ वर्षांच्या शालेय शिक्षणात या विषयाला ३३० तास आहेत.

हे वाचताना मला आपलं वर्धा आठवलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीमची कल्पना मांडली. हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. आमच्या लहानपणी, १९६० च्या सुमारास, प्राथमिक शाळेत 'मूलोद्योग' होता तो त्याचाच अंश. टकळी आणि पेळू घेऊन आम्ही ओळीनं सूत कातायला बसायचो. माझं सूत सारखं तुटायचं. पण मास्तरांचंही लक्ष नसायचं, कारण साहेब तपासणीला यायचे तेव्हाच टकळ्या पेटीतून बाहेर निघत. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि शाळेच्या वेळापत्रकात तो तास आला. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे नववीला आठवड्यातून दोन तास होते, बुधवारी मधल्या सुट्टीनंतर जोडून.

आणि आता ती कबुली.

ते दोन तास मी घ्यायचो. म्हणजे कार्यानुभव शिकवायचो नाही. ते तास मागून घेऊन त्यात इतिहास शिकवायचो. 'पोर्शन' मागे राहिला की मुख्याध्यापकांना विचारायचं, ते हो म्हणायचे, कार्यानुभवाचे सर बिचारे मुकाट्यानं उठून जायचे. कार्यानुभवाला गुण नाहीत, नुसती श्रेणी. ती सगळ्यांना 'अ' देऊन टाकली की प्रश्न मिटला. हे मी एकटाच करत होतो असं नाही. गणितवाले, इंग्रजीवाले सगळेच त्या तासावर टपलेले असत. पण मी सर्वांत जास्त घेतले असतील.

१९८९-९० ची गोष्ट. नववीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. वडील आठवडी बाजारात सुपं-टोपल्या विणून विकायचे. मुलगा अभ्यासात अगदीच बेताचा. सनावळ्या म्हणायला उभा केला की खाली मान घालायचा. त्या वर्षी कार्यानुभवाच्या सरांनी शिक्षकखोलीतल्या एका जुन्या खुर्चीची फाटलेली वेताची बैठक काढून टाकली आणि ती विणायचं काम या मुलाला दिलं. वेताची पट्टी पाण्यात भिजत घालायची, मग खुर्चीच्या चौकटीतल्या भोकांतून ओवत जायचं. आधी उभे धागे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, आणि शेवटी दोन फेरे तिरपे, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. तेव्हा कुठे ती आठकोनी भोकांची जाळी होते. त्याचे चार फेरे झाले होते. तिरपे दोन राहिले होते.

तेवढ्यात सहामाही झाली, इतिहासाचा निकाल खराब लागला आणि मी बुधवारचे तास मागून घेतले.

पहिल्या बुधवारी मी वर्गात शिरलो तेव्हा तो मुलगा वेताची भिजवलेली पट्टी हातात घेऊन उभा होता. पाणी खाली ठिबकत होतं. म्हणाला, "सर, आज कार्यानुभव नाही का?" मी म्हटलं, "खुर्च्या विणून दहावी होणार आहेस का? बस खाली." वर्ग हसला. मीही हसलो असेन.

पुढच्या बुधवारी त्यानं विचारलं नाही.

ती खुर्ची वर्षभर तशीच चार फेऱ्यांची कोपऱ्यात पडून होती. कुणी बसत नसे, बसलं तर खचली असती. मे महिन्यात सुतारानं तिच्यावर प्लायवूडची फळी ठोकली. त्या फळीवर मी पुढे वीस वर्षं बसलो. मुलगा दहावीला आमच्या शाळेत नव्हता.

त्या वेळी माझ्याकडे एक समर्थन होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मला वाटायचं, याच्या घरी पिढ्यान् पिढ्या हाच धंदा. शाळेत येऊनही त्यानं विणतच बसायचं तर शाळा कशाला? त्याला यातून बाहेर काढायचं तर पुस्तकच हवं. आपल्या देशात हातकामाला जात चिकटलेली आहे. कुणी काय विणायचं, कुणी काय घडवायचं, हे जन्मानं ठरत आलं. त्यामुळे शाळेत हातकाम म्हटलं की ज्यांचे हात पिढ्यान् पिढ्या राबले, त्या घरांतल्या माणसांना धसका बसला तर तो रास्तच आहे. त्यांना मूल खुर्चीवर बसलेलं पाहायचं असतं, खुर्ची विणताना नाही. वर्ध्याच्या योजनेतही मुलांच्या कामाच्या विक्रीतून शाळेचा खर्च काही प्रमाणात निघावा, अशी कल्पना होती. त्यावर तेव्हाही आक्षेप घेतले गेले. ते मला आजही बरोबर वाटतात.

पण मिनिआपोलिसच्या त्या टेबलाशी तिसऱ्या ओळीतली चूक शोधताना मला ती खुर्ची दिसू लागली. जी मोजणी मला शिकलासवरलेला असून जमत नव्हती, ती चौदा वर्षांचं ते पोर सहा फेऱ्यांच्या विणीत, चारही दिशांनी, डोक्यात ठेवून करत होतं. कुठला धागा वरून जातो, कुठला खालून, हे त्याला पाठ नव्हतं, कळलेलं होतं. तो वर्गातला सर्वांत मंद मुलगा आहे, असं मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलं नसेल, पण तसं वागलो. आठवड्यात दोनच तास असे होते, ज्यात तो पहिला यायचा आणि वकिलाचा मुलगा त्याला "अरे, हे कसं रे करायचं?" म्हणून विचारायचा. तेच दोन तास मी नेले. त्याला धंद्यातून बाहेर काढायच्या नावाखाली शाळेतूनच बाहेर काढलं.

म्हणून माझं आताचं मत असं झालंय, की हातकाम शाळेत हवं ते मुलांना धंदा लागावा म्हणून नाही. ते सगळ्यांना हवं. टोपल्या विणणाऱ्याच्या मुलाला हवं त्याहून जास्त ते आमच्यासारख्यांच्या मुलांना हवं. स्वीडनमधली गोष्ट मला पटली ती एवढ्यासाठी. तिथे डॉक्टरचा मुलगा सुई धरतो आणि कारकुनाची मुलगी रंधा मारते. सगळेच करतात तेव्हा हातकाम कुणा एकाच्या कपाळी लिहिलेलं राहत नाही. हातकामाचा तास काढून जात गेली नाही. उलट, हातानं काम करणाराला कमी समजायची आमची सवय तशीच राहिली, कारण आम्हाला त्यात किती डोकं लागतं हे कधी कळलंच नाही. मला कळायला चौऱ्याहत्तर वर्षं आणि सहा उसवलेल्या ओळी लागल्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा माणसांकडे जाऊन काम शिकावं, असं म्हटलंय. हेतू चांगला आहे. पण दहा दिवसांत माझं तर कापड धुऊन, वाळवून, मध्य शोधून जेमतेम दोन ओळी झाल्या होत्या. चूक करायला, ती पुढे जाऊन दिसायला आणि मागे येऊन उसवायला वेळ लागतो. दहा दिवसांत सहल होते. शिकणं व्हायचं तर वेळापत्रकात दर आठवड्याला त्याचा तास हवा, आणि तो तास कुणी मागून नेणार नाही याची खात्री हवी.

कुणी म्हणेल, मास्तर, निवृत्त झाल्यावर सगळ्यांनाच शहाणपण सुचतं. खरं आहे. नोकरीत असतो तर निकालाच्या टक्क्यांपुढे माझं काय चाललं असतं, सांगता येत नाही. पोर्शन पुरा करायचा दट्ट्या वरून येतो तेव्हा सगळ्यात गरीब तास कोणता, तो पाहून त्याच्यावरच हात पडतो. हे मी केलंय, म्हणून सांगतो.

पांघरूण मार्चमध्ये पुरं झालं. निळं आणि पांढरं, मधे चौकोनांची रांग, दोन्ही बाजूंना डोंगर. दोन ठिकाणी चूक आहे. ती मला फार उशिरा दिसली. तेव्हा विमानाला चार दिवस उरले होते, म्हणून तशीच ठेवली. बाईंनी शेवटच्या गुरुवारी कापड उलटं केलं, मागची कोरी बाजू तळहातानं पुसल्यासारखी केली आणि हसल्या. काही बोलल्या नाहीत. नातवानं ते सोफ्यावर ठेवून घेतलंय, आम्ही इकडे परत आलो.

आता घरी मॅटीवर दुसरं चालू आहे. सौ. शेजारी बसून पाहते. चुकलं की तिला लगेच दिसतं, पण बाईंचं बघून ही पण आता बोट ठेवत नाही. नुसती "हं" म्हणते. मेव्हण्याचा रुमाल मिळेल, पण बदाम या पद्धतीत गोल येत नाही, पायऱ्यापायऱ्यांचा येईल, हे त्यानं आधीच समजून घ्यावं.

आणि वाचणाऱ्यांत जे कुणी अजून शाळेत शिकवत असतील त्यांना एक विनंती. कार्यानुभवाचा तास रिकामा दिसला तरी मागू नका. तुमच्याकडे तो तास असेल आणि एखादा इतिहासाचा मास्तर हातात खडू घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला आत येऊ द्या. मागच्या बाकावर जागा करून द्या, त्याच्याही हातात सुई द्या. पण तास देऊ नका.